बोंड आलेली गोधडी

कमलकाकूंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आम्ही वणीत नुकतेच राहायला आलो होतो. टेम्पोतून सामान उतरत होतं, आणि शेजारच्या घरातून एक ठेंगणी बाई तरातरा चालत माझ्याजवळ आली. नाव नाही, गाव नाही. तिनं माझ्या सदऱ्याची बाही दोन बोटांच्या चिमटीत धरली, चोळली, आणि चिरलेलं वांगं किडकं निघावं तसा चेहरा करून सोडून दिली.

"टेरीकॉट हाय," तिनं माझ्या बायकोला सांगितलं, जणू माझ्या प्रकृतीबद्दल डॉक्टर सांगताहेत. मग म्हणाली, "चहा ठेवला हाय. या दोघंबी."

त्या चहापासून आमचा शेजार सुरू झाला आणि माझी परीक्षाही.

काकूंचे वडील सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये रुई पारखायचे. गाडीतला कापूस उचलून दोन बोटांत ताणायचा आणि त्याचा धागा किती लांब ते सांगायचं, हे त्यांचं काम. इस्टेट काही मागे राहिली नाही, बोटं तेवढी काकूंच्या वाट्याला आली. त्या बोटांनी काकू जगाची पारख करत. त्यांच्या लेखी माणसांच्या जाती तीनच होत्या. सुती माणूस म्हणजे चुरगळतो, आकसतो, पण घाम टिपतो. नायलॉन माणूस म्हणजे वरून चकचकीत, आणि ठिणगी पडली की पहिला पेटतो. टेरीकॉट, म्हणजे अर्धा सुती अर्धा पॉलिस्टर माणूस मात्र सगळ्यांत वाईट. "धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. इस्तरीले भेते, पावसाले भेते, अन् मरतबी नाही लवकर," असं त्या म्हणत, तेव्हा माझ्या अंगावर टेरीकॉटच असायचा. काय करणार, राजूरच्या खाणीच्या ऑफिसात कारकुनी करणाऱ्याला दुसरं काही परवडत नाही. कोळशाची धूळ सुती कापडाच्या हाडामांसात शिरते. टेरीकॉट झटकला की झाला.

एका लग्नात आहेर द्यायला काकू स्टेजवर गेल्या. नवरदेवानं पाया पडायला वाकायचं, तर काकूंनी त्याच्या शेरवानीचं टोक चिमटीत धरलेलं. सगळे थांबले. फोटोवाला थांबला. "वरून रेशीम, आतून नायलॉन," असं नवरीच्या आईच्या कानात सांगून त्या खाली उतरल्या. त्या मुलीचा संसार उत्तम चालला आहे, पण तिची आई अजून काकूंना पाहून रस्ता बदलते.

एकदा मतं मागायला एक पुढारी आमच्या गल्लीत आला. पांढरीशुभ्र खादी, हात जोडलेले. काकूंनी ओवाळलं आणि ओवाळता ओवाळता बाही चोळली. "भाऊ, यात पॉलिस्टर हाय नं?" तो बिचारा दिवसभराचा हसून हसून थकला होता, तो आणखी एकदा हसला. पुढे तो निवडूनही आला. मी काकूंना चिडवायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "येइनच नं निवडून. टेरीकॉट धुतल्यानं आकसत नसते."

ती वर्षं आमच्या जिल्ह्याला बरी नव्हती. कापसाच्या गाड्या बाजारात उभ्याच राहायच्या, भाव पडलेले असायचे, पीक हाताशी यायच्या वेळेला बोंडात अळी निघायची. टीव्हीवर यवतमाळचं नाव आलं की चॅनेल बदलावंसं वाटायचं. मोठमोठे लोक येऊन कारणं शोधून जात होते. काकूंची तक्रार वेगळीच होती. "वावरात कापूस, बाजारात कापूस, अन् मले सुती चिंधी भेटत नाही! सारा गाव पॉलिस्टर घालून फिरून राह्यला. मंग कापसाले भाव कोन देइन?" हा प्रश्न त्या भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना विचारत. मॅनेजरला तर त्याची बाही हातात धरून विचारला होता.

आता सुती चिंधी कशाला, तर गोधडीला. काकूंचा सगळा जीव गोधड्यांत. खाली एक जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर उसवलेले सदरे, परकर, चादरी पसरायच्या, वर पुन्हा चांगलंसं पातळ आणि ठिगळांची नक्षी, आणि स्वतः त्या सगळ्यावर फतकल मारून बसायचं. मग काठापासून धावदोरा घालत, चौफेर वळसे घेत, आत आत यायचं. कापड जुनंच हवं. नव्या कापडाला त्या हात लावत नसत. "नव्याले काय मालूम ऊब काय असते? आधी त्यानं कोनाच्या तरी अंगावर दिवस काढले पाह्यजे."

त्यामुळे काकू आमच्या कपड्यांकडे जरा फार पुढचं पाहायच्या. पाडव्याला आमच्या हिनं नवी सुती साडी नेसली. घडी मोडली नव्हती अजून. काकू आल्या, पदर चोळला, तोंडभर हसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, गजब साडी हाय. फाटली का मले देजा." हिनं सणाच्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. पण गल्लीतल्या निम्म्या साड्या अशाच अंगावर असताना बुक झालेल्या होत्या. पोस्टातल्या बाईंची एक निळी साडी तर काकू रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, "कशी हाय ती आता?"

शेवटी मी हरलो. वर्ध्याला गेलो होतो तेव्हा एक जाडाभरडा सुती सदरा विकत घेतला, फिक्या विटकरी रंगाचा, निव्वळ काकूंचं तोंड बंद करायला. त्यांनी बाही चोळली आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. "हं," म्हणाल्या. "आता घाला याले चांगला." पुढे दोन-तीन वर्षांनी कॉलर विरली, कोपर पातळ झालं, तसा मी तो घडी करून त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी परत दिला. "अजून जीव हाय त्यात." कोणाचं रक्त घेण्याआधी तपासावं तसं तपासून त्यांनी तो सदरा नापास केला होता, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटलं.

गोधड्या त्या विकत नसत, देऊन टाकत. कोणाच्या बाळंतपणात, कोणाच्या बदलीत, कोणाच्या पोराला होस्टेलला जाताना. पण दिल्यावर त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. वर्षभरानं भेटलात तरी तोच. "फाटली काय?"

आपण काय म्हणणार? आपण माणसं रीतभात जाणणारी. "छे हो काकू, फाटेल कशी? अगदी जपून ठेवली आहे, कपाटात, डांबराच्या गोळ्या घालून!" असं गल्लीतले सगळे मोठ्या प्रेमानं सांगायचे. काकू "बरं बरं" म्हणायच्या आणि चपला सरकवत घराकडे वळायच्या. मला वाटायचं, बाईंना समाधान वाटलं असेल.

स्वतः काकू काय पांघरायच्या? तर बाजारातलं एक गुबगुबीत ब्लँकेट, त्यावर जबडा उघडलेला भला मोठा वाघ. मुलानं, सुनीलनं, पुण्याहून आणलेलं. शंभर टक्के पॉलिस्टर. मला हसू आवरेना. "काकू, तुम्ही आणि हे?"

"आपली गोधडी आपन शिवू नये, भाऊ. आपनच शिवून आपनच पांघरली तं तिले ऊब येत नाही. दुसऱ्यानं शिवा लागते."

"मग शिवली नाही कोणी?"

"माय व्हती तंवर व्हती एक," काकू म्हणाल्या आणि वाघाची घडी घालायला लागल्या. काका तहसील कचेरीत होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. सुनील पुण्यात. घरात त्या, चिंध्यांची ट्रंक आणि तो वाघ, एवढेच.

सुनीलचं लग्न झालं आणि घरात ऋचा आली. पुण्याची मुलगी, हुशार, हसरी, आणि योगायोग असा की तिला गोधड्यांचाच नाद. तिच्या भाषेत क्विल्ट. रीतसर क्लास केलेला. काकूंनी पहिल्याच दिवशी तिची ओढणी चोळून पाहिली. सुती निघाली. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

तो फार लवकर सोडला होता. दिवाळीत ऋचा आली ती दिवस गेलेले घेऊन आणि एक मोठी बॅग घेऊन. बॅगेत रबरी चटई, पारदर्शक पट्टी, पिझ्झा कापायचं असतं तसलं गोल पातं आणि नवंकोरं कापड. तिनं चटई मांडली, पट्टी ठेवली आणि त्या नव्या कापडाचे सरसर चौकोन कापले. मी ओट्यावर बसलो होतो. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"पोरी, काय करून राह्यली?"

"आई, हे तुकडे जोडून मी डिझाइन करणार."

"म्हंजे आंगोदर चांगलं कापड फाडाचं, अन् मंग तेच शिवून कापड कराचं?"

"हो ना, तीच तर मजा आहे!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग ऋचानं बॅगेतून पांढऱ्याशुभ्र भरावाची गुंडाळी काढली. दोन कापडांच्या मध्ये घालायची. काकूंची चिमटी आपोआप पुढे गेली. आणि त्या एकदम हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "पॉलिस्टरचा कापूस! अवं माय, बाजारात कापूस ठेवाले जागा नाही, अन् माही सून पुन्याहून पिलास्टिकचा कापूस घेऊन आली वणीले!" ऋचालाही हसू आलं. ती गुंडाळी तिनं परत बॅगेत ठेवली आणि ठरलं की होणाऱ्या बाळासाठी दोघींनी मिळून एक गोधडी करायची. आतलं सगळं काकूंच्या ट्रंकेतलं जुनं, वरची नक्षी ऋचाची.

भांडण शिवायला बसल्यावर झालं. काकू काठावर बसल्या. ऋचा मधोमध बसली.

"तू कायले मधात बसली?"

"आई, मध्यापासून बाहेर शिवत जायचं असतं. सुरकुत्या बाहेर निघून जातात."

"काठ धरल्याबिगर? घराले आधी कुड असते का आधी देव्हारा?"

"पण काठापासून आत आलं तर सगळी ढिलाई आत गोळा होते ना!"

"माह्या गोधडीत ढिलाई नसते."

दोघींचंही बरोबर होतं, त्यामुळे कोणी ऐकायचं कारणच नव्हतं. ऋचानं मध्यातून सुरुवात केली, काकूंनी काठापासून. ती ढिलाई बाहेर ढकलत आली, त्या आत ढकलत गेल्या. दिवाळीभर आम्ही ओट्यावरून हा सामना पाहत होतो. फराळाचं ताट घेऊन आलेली माणसं बसून राहायची. आणि भाऊबीज उलटल्यावर दोघींच्या सुया जिथे समोरासमोर आल्या, तिथे सगळं उरलेलं कापड एकवटून मुठीएवढा गरगरीत फुगा उभा राहिला होता.

काकूंनी तो दाबून पाहिला. तो परत वर आला.

"बोंड आलं," त्या हताशपणे म्हणाल्या. कपाशीचं फुटायला आलेलं बोंड अगदी तसंच दिसतं.

"उसवूया का?" ऋचानं विचारलं.

"लेकराच्या गोधडीचे टाके उसवत नसतात," काकू म्हणाल्या, आणि ती गोधडी बोंडासकट पुण्याला गेली.

सई झाली. काकू पुण्याला जाऊन बारसं करून आल्या. काही महिन्यांनी एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलेलो असताना ऋचाचा फोन आला. मोठ्या उत्साहानं ती सांगत होती, मला सुद्धा ऐकू येत होतं. "आई, ती गोधडी मी हॉलमध्ये भिंतीवर लावलीये, सोफ्याच्या वर, छान दांडीवर! येणारा प्रत्येक जण विचारतो. एवढी सुंदर वस्तू, वापरून खराब नको ना व्हायला."

"बरं बरं," काकू म्हणाल्या. फोन ठेवला. थोड्या वेळानं मला विचारलं, "भाऊ, पुन्यातल्या भितीले लय थंडी वाजते काय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"फाटत नाही हो कोनाचीच," त्या म्हणाल्या. "साऱ्यायनं कपाटात ठेवल्या. हिनं भितीवर ठेवली. एवढ्या शिवल्या म्या, त्यातली एकबी फाटली नाही. म्हंजे कोनी पांघरलीच नाही नं."

तेव्हा कुठे मला "फाटली काय?" या प्रश्नाचा अर्थ कळला. इतकी वर्षं आम्ही सगळे त्या बाईला मोठ्या अगत्यानं सांगत होतो की तुमची ऊब आम्हाला लागली नाही.

त्यानंतर काकूंनी शिवणं सोडलं. ट्रंकेवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा चढला. मी मुद्दाम नवा झगझगीत टेरीकॉट घालून त्यांच्यासमोरून गेलो, दोनदा गेलो. त्यांनी बाहीला हातसुद्धा लावला नाही. आमची ही म्हणाली, "आज मी नवी साडी नेसले होते, त्या काहीच बोलल्या नाहीत हो." आणि तिचे डोळे भरून आले. ज्या बाईनं भांडी आपटली होती, तीच ही.

पुढच्या उन्हाळ्यात ऋचा सईला घेऊन आली. दुपारची वेळ. टॅक्सी दाराशी थांबली तसा मी सामान उतरवायला धावलो. अंगात घरात घालायचा तोच जुना विटकरी सदरा. आधी उतरली ऋचा, चेहरा ओशाळलेला. मग सव्वा वर्षाची सई, आणि तिच्या मुठीत धरलेलं, टॅक्सीतून फुटपाथवर, फुटपाथवरून पायरीवर फरफटत येणारं काहीतरी मळकट.

ती गोधडी होती. सईनं तिला बोंडाला धरलं होतं.

"आई, रागावू नका," ऋचा दारातच म्हणाली. "मी खूप जपली होती. पण ही सोफ्यावर उभी राहायला लागली आणि हिला ते बोंड सापडलं. बाकी कुठेच धरायला जागा नाही ना, सगळं सपाट. लटकली त्याला आणि दांडीसकट खाली घेऊन आली. तेव्हापासून सोडतच नाही. त्याच्यावर डोकं ठेवल्याशिवाय झोपत नाही. धुवायला टाकली की मशीनपुढे बसून रडते. आणि आता तर..."

काकू खाली बसल्या. त्यांनी चिमटी पुढे केली, पण कापड चोळलं नाही. बोंडाला भोक पडलं होतं. चावून चावून, चोखून चोखून त्याची चिंधी झाली होती आणि आतून काकांच्या जुन्या धोतराचा तुकडा बाहेर आला होता. एका कडेला दूध सांडल्याचा डाग, एका कडेला वरणाचा.

"फाटली," काकू म्हणाल्या.

"हो आई. सॉरी."

"फाटली वं!" काकू ओरडल्या, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. "भाऊ, पाहा, फाटली! बोंडाले अळी लागली!" आणि सईची हनुवटी धरून, तिचे चार नवे दात आम्हाला दाखवत त्या म्हणाल्या, "हे पाहा, हे अळी!" त्या हसत होत्या आणि डोळे पदरानं पुसत होत्या. सईला वाटलं आजी खेळते आहे, तीही हसायला लागली. मी हातात बॅग घेऊन तसाच उभा होतो.

मग काकू उठल्या. ट्रंकेवरचा गठ्ठा खाली ढकलला, झाकण उघडलं, आतलं उलथंपालथं केलं. काहीच त्यांच्या मनास येईना. हे जाड, ते खरखरीत, लेकराच्या तोंडात जाणार. वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाही धरली.

"काढा."

"काकू, यात अजून जीव आहे म्हणाला होतात तुम्ही."

"हाय नं. म्हनूनच पाह्यजे. काढा लवकर."

मी भर दुपारी, शेजारच्या घरात, सुनेसमोर, बनियनवर उभा राहिलो. काकूंनी सदऱ्याच्या खांद्याजवळचा सगळ्यात मऊ तुकडा कापला आणि बोंडावर ठिगळ लावलं. सई गोधडी हातात येईपर्यंत दम धरेना. मिळाल्याबरोबर ठिगळावर गाल ठेवून ती तिथेच फरशीवर झोपून गेली.

आता उरला माझ्या सदऱ्याचा मोठा तुकडा. ऋचा तो उचलून बघत होती. तिनं ट्रंकेतलं एक लुगडं फरशीवर अंथरलं, त्यावर तो सदरा पसरला, बॅगेतून स्वतःची ती सुती ओढणी काढून वर घातली. सुईत दोरा ओवला. आणि काठावर जाऊन बसली. मधोमध नाही, काठावर.

"हे कोनाची वं?" काकूंनी विचारलं.

"तुमची. तो वाघ किती दिवस पांघरणार आहात?"

 आपली आपण शिवायची नाही, हा काकूंचाच नियम. सुनेचा धावदोरा जरा मोठा पडत होता, त्या बघत होत्या, हात वळवळत होते. शेवटी त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. एक अख्खी बाजू होईपर्यंत कसंबसं बसवलं त्यांना.

"याले बोंड येइन काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"कसं येणार आई? दोघींनी दोन्हीकडून शिवल्याशिवाय बोंड येत नाही."

काकूंनी विचार केला. झोपलेल्या सईकडे पाहिलं. मग मांडीखालचे हात बाहेर काढले.

"मंग सरक मधात. काठ मले दे."

"काकू," मी म्हणालो, "आपली गोधडी आपण शिवू..."

"भाऊ, तुमच्या अंगात सदरा नाही. बिनासदऱ्याच्या मानसानं नियम सांगू नये."

मी गुपचूप घरी आलो. आमची ही दारातच उभी होती. "अहो, सदरा कुठे गेला?"

"पास झाला," मी म्हणालो.